मेंदूतला पाहणारा भाग केवढा असतो? मोजणीविषयी काही प्रश्न

पाणकणीस

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाच्या मुलांपुढे मेंदूचे काप मांडले की मी त्यांना आधी एक रेघ शोधायला सांगते. डोक्याच्या अगदी मागच्या बाजूला, पश्चकपाल खंडाच्या आतल्या अंगाला, कॅल्केराइन नावाची खोल खाच असते. तिच्या दोन्ही काठांवरच्या करड्या थरातून, थराच्या साधारण मध्यावरून, एक बारीक पांढरी रेघ गेलेली असते. ती पाहायला भिंग लागत नाही. काप चांगला धारदार सुरीने घेतलेला असेल आणि त्यावरचे फॉर्मॅलिन, म्हणजे मेंदू टिकवण्याचे द्रावण, टिपून घेतले असेल, तर खिडकीच्या उजेडातही ती दिसते. करड्या थरावरून बोट पुढे नेत गेले की एका जागी ती अचानक संपते, आणि त्या जागी प्राथमिक दृष्टिबाह्यकाची, म्हणजे ज्याला सगळे व्ही-१ म्हणतात त्या भागाची, सीमा असते.

ही रेघ फ्रान्चेस्को जेन्नारी या पार्मा येथील विद्यार्थ्याने १७७६ मध्ये, बर्फात गोठवून कडक केलेल्या मेंदूचे काप घेताना पाहिली आणि १७८२ मध्ये छापली. बाह्यक, म्हणजे मेंदूचा हा करडा थर, सगळीकडे सारखे नसते याचा तो पहिला ठोस पुरावा होता. या भागाचे काम पाहण्याचे आहे, हे कळायला मात्र त्यानंतर शंभर वर्षे जावी लागली.

धागा काढण्याचे कारण असे की, या वर्षी एका विद्यार्थिनीने रेघेवर बोट ठेवून विचारले, "मॅडम, हा भाग एकूण केवढा असतो?" मी पुस्तकातला आकडा सांगितला आणि घरी आल्यावर मला त्या उत्तराची रुखरुख लागली. १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीत मेंदूचे ५२ गोलार्ध तपासले होते आणि सरासरी क्षेत्रफळ २१३४ चौरस मिलिमीटर आले होते. डोळ्यांपुढे आणायचे तर मधोमध दुमडलेल्या व्हिजिटिंग कार्डापेक्षा हे थोडे कमीच भरते. पण त्याच मोजणीत सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या भागात दुपटीहून अधिक फरक होता. १९९७ मध्ये दुसऱ्या एका गटाने मोजले, तेव्हाही दोन ते तीन पट फरक आढळला, आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट हाती लागली: ज्याचा व्ही-१ मोठा, त्याची डोळ्यांकडून मेंदूत येणारी दृष्टिमज्जापट्टी आणि थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातले दृष्टिकेंद्रही त्या मानाने मोठे होते. प्रौढ माणसांच्या अख्ख्या मेंदूच्या आकारात इतका फरक सहसा नसतो. मग "सरासरी इतके" या उत्तराने त्या मुलीला नेमके काय कळले?

आम्ही विभागात स्वतः मोजून पाहायचे ठरवले. पद्धत सोपी आहे. सारख्या जाडीचे काप घ्यायचे, प्रत्येक कापावर ओला सुती दोरा रेघेवरून वळणावळणाने बसवायचा, रेघ संपते तिथे कापायचा आणि मोजपट्टीवर सरळ करायचा. समजा काप पाच मिलिमीटरचे आहेत आणि एका कापावर दोरा ४० मिलिमीटर भरला, तर त्या कापाच्या वाट्याला २०० चौरस मिलिमीटर आले. सगळ्या कापांची बेरीज केली की क्षेत्रफळ मिळते. अडचणी त्यानंतर सुरू होतात. खाच जिथे सुरीला समांतर धावते तिथे करडा थर तिरका कापला जातो, त्यामुळे तो रुंद दिसतो आणि रेघ पसरट होऊन तिचा शेवट कुठे धरायचा हे कळत नाही. एकाच कापावर दोन विद्यार्थ्यांचे दोरे सारखे भरले नाहीत. शिवाय फॉर्मॅलिनमध्ये राहिलेला मेंदू जिवंतपणी होता त्या मापाचा राहत नाही, त्यामुळे आपण मोजतो ती मूळ आकाराची बदललेली प्रत असते.

माझे मत असे झाले आहे की, सीमा कशावरून ठरवली आणि कोणत्या अवस्थेत मोजले हे सांगितल्याशिवाय या आकड्याला काही अर्थ उरत नाही. मेंदूच्या घड्या पाहून सीमा सांगता येत नाही, ती रेघेवरूनच सांगावी लागते. जिवंत माणसात मात्र सुरी चालवता येत नाही. तिथे सीमा कशी ठरवतात, हे एमआरआयवर काम करणाऱ्यांनी सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे.

उंबरठा

मॅडम, मी एमआरआय चित्रांच्या विश्लेषणाचे काम करतो, म्हणून उत्तर देण्याचा प्रयत्न करतो. आधी तुमच्या एका विधानाशी थोडी असहमती नोंदवतो. घड्यांवरून सीमा सांगता येत नाही हे दृष्टिभागाच्या इतर क्षेत्रांबाबत बरेच खरे आहे, पण व्ही-१ बाबत ते पूर्ण खरे नाही. मेंदूचा पृष्ठभाग संगणकावर फुगवून गोलासारखा केला आणि वेगवेगळ्या माणसांच्या घड्या एकमेकींवर जुळवल्या, तर व्ही-१ ची सीमा बऱ्याच जवळपास एका जागी येते. २००८ मध्ये हे मृत मेंदूंच्या सूक्ष्म चित्रांवर दाखवले गेले, आणि आज वापरात असलेल्या फ्रीसर्फरसारख्या प्रणाली त्याच आधारावर, नुसत्या घड्यांवरून, व्ही-१ चा अंदाज देतात. तो अंदाज असतो एवढे मात्र लक्षात ठेवावे लागते.

जिवंत माणसात सीमा ठरवण्याची मुख्य रीत १९९० च्या दशकात आली. माणसाला यंत्रात झोपवून एका ठिपक्यावर नजर स्थिर ठेवायला सांगतात आणि पडद्यावर घड्याळाच्या काट्यासारखी हळूहळू फिरणारी, चौकटींनी भरलेली पाचर दाखवतात. नंतर मध्यापासून बाहेर पसरत जाणारी कडी दाखवतात. बाह्यकाचा प्रत्येक ठिपका पाचर कोणत्या कोनात असताना आणि कडे किती अंतरावर असताना जागा होतो, हे नोंदवले की दृष्टिपटलाचा नकाशा मेंदूवर उमटतो. या नकाशात एक सुंदर गोष्ट घडते. व्ही-१ मधून चालत बाहेर निघालो तर कोन एका दिशेने सरकत जातो, उभ्या रेषेपाशी पोहोचतो आणि तिथून उलटा फिरतो. तो जिथे उलटतो ती व्ही-१ आणि त्याला लागून असलेल्या व्ही-२ या दृष्टिक्षेत्राची सीमा असते. पुढे आडव्या रेषेपाशी तो पुन्हा उलटतो, आणि तिथे व्ही-२ संपून व्ही-३ सुरू होते. व्ही-२ आणि व्ही-३ यांच्यामध्ये तुमच्या रेघेसारखी डोळ्यांना दिसणारी खूण नाही. त्यामुळे ती क्षेत्रे जिवंत माणसात मोजायची तर हा नकाशाच लागतो. ब्रॉडमन या जर्मन मेंदूतज्ज्ञाने १९०९ मध्ये पेशींच्या रचनेवरून १७, १८ आणि १९ असे क्रमांक दिले, त्यांपैकी १७ व्ही-१ शी नेमके जुळते. १८ आणि १९ यांचे तसे नाही.

या रीतीलाही उणिवा आहेत. नजरेच्या अगदी मध्यबिंदूचा भाग मेंदूच्या मागच्या टोकाशी असतो आणि तिथे व्ही-१, व्ही-२, व्ही-३ यांचे मध्य एकत्र येतात. नजर थोडीशी हलली तरी तिथला नकाशा पुसट होतो. उलट बाजूला, नजरेच्या फार कडेचा भाग यंत्राच्या आतल्या पडद्यावर मावतच नाही. म्हणजे नकाशावरून मोजलेला व्ही-१ दोन्ही टोकांना अपुरा असतो, आणि तुमच्या दोऱ्याने मोजलेला पूर्ण असतो. दोन्ही आकडे शेजारी मांडून "अमुक अभ्यासात व्ही-१ लहान आला" असे लिहिलेले मी वाचले आहे, आणि त्याचे मला वाईट वाटते.

क्षेत्रफळ नेमके कोणत्या पृष्ठभागावर मोजायचे हाही प्रश्न आहेच. करड्या थराचा बाहेरचा पृष्ठभाग, पांढऱ्या भागाला लागून असलेला आतला, की दोहोंच्या मधला? घडीच्या तळाशी आणि माथ्यावर या तिन्हींची मापे वेगवेगळी येतात. आकड्यासोबत हे लिहिलेले नसेल तर मी तो वापरत नाही.

जुनी पाने

नकाशाचा विषय निघाला म्हणून यंत्रे येण्यापूर्वीची हकिगत सांगतो, कारण ती याच मोजणीची आहे. १९०४-०५ च्या रशिया-जपान युद्धात रशियन सैन्याच्या नव्या रायफलींची गोळी लहान आणि वेगवान होती. ती कवटीतून आरपार जाई आणि माणूस पुष्कळदा वाचे. जखमी जपानी सैनिकांची दृष्टी किती गेली हे तपासून त्यांचे निवृत्तिवेतन ठरवायचे होते, आणि ते काम तात्सुजी इनोउये या तरुण नेत्रवैद्याकडे आले. गोळी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची जागा कवटीवर नेमकी मोजता यावी म्हणून त्याने एक उपकरण तयार केले. दोन्ही जागा सरळ रेषेने जोडल्या की गोळीचा मार्ग मिळे, आणि त्या मार्गात मेंदूचा कोणता भाग सापडला हे काढता येई. समोरच्या दृश्याचा कोणता तुकडा दिसेनासा झाला हे त्याच सैनिकाच्या तपासणीत कळे. २९ रुग्णांवरून त्याने १९०९ मध्ये जर्मन भाषेत पुस्तक लिहिले आणि नजरेच्या मध्यभागाला मेंदूत फार मोठी जागा मिळते हे दाखवले. पुढे पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश मज्जातज्ज्ञाने असाच नकाशा काढला आणि तो पाठ्यपुस्तकांत कित्येक दशके राहिला. इनोउयेचे नाव मात्र मागे पडले. ज्यांच्या दुखापतीतून हे ज्ञान मिळाले त्या सैनिकांची आठवण वर्गात ही रेघ दाखवताना व्हावी, असे मला मनापासून वाटते.

शून्यलब्धी

होम्सचा नकाशा १९९१ मध्ये जोनाथन हॉर्टन आणि विल्यम हॉइट यांनी दुरुस्त केला. तीन रुग्णांच्या एमआरआयवरील इजा आणि त्यांची गेलेली दृष्टी ताडून त्यांनी दाखवले की, होम्सने मध्यभागाला दिलेली जागा फार कमी होती. त्यांचे सूत्र इतके सुटसुटीत आहे की ते इथे दिल्यावाचून राहवत नाही. नजरेच्या मध्यापासून ई अंश दूर असलेल्या एका अंशाला बाह्यकावर किती मिलिमीटर जागा मिळते? १७.३ भागिले (ई अधिक ०.७५). मध्यावर ई शून्य, म्हणून उत्तर सुमारे २३ मिलिमीटर. एक अंश दूर गेले की जवळपास १०. दहा अंशांवर १.६, आणि चाळीस अंशांवर अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी.

हात पूर्ण लांब करून अंगठ्याचे नख पाहिले तर ते डोळ्यापाशी दोन अंशांच्या आत-बाहेर कोन करते. एवढ्याशा नखाला व्ही-१ मध्ये जेवढी जागा आहे, तेवढी कडेच्या दृश्यातल्या अख्ख्या दाराला मिळत नाही. मध्यापासून दहा अंशांच्या वर्तुळाला या क्षेत्राचा निम्म्याहून अधिक भाग मिळतो. म्हणून उंबरठा यांनी सांगितलेली मध्याजवळची त्रुटी किरकोळ मानता येणार नाही. तिथे अर्धा अंश चुकला तरी क्षेत्रफळात मोठी तूट येते.

अनामिका

फार माहितीपूर्ण धागा. एक साधा प्रश्न आहे. व्ही-१ मोठा असलेल्या माणसाला अधिक चांगले दिसते का?

उंबरठा

काही बाबतींत संबंध दिसतो, पण "चांगले दिसणे" ही एकच गोष्ट नाही, म्हणून जपून सांगतो. नजरेच्या ज्या भागाला बाह्यकावर जास्त जागा, त्या भागात बारकावे अधिक ओळखू येतात, असे २००३ मध्ये जिवंत माणसांच्या नकाशांवरून दाखवले गेले. २०११ मध्ये लंडनच्या संशोधकांनी ३० जणांचा व्ही-१ मोजला आणि त्यांना आकारभ्रमाची चित्रे दाखवली. मोठ्या वर्तुळांनी वेढलेले वर्तुळ आपल्याला लहान वाटते आणि लहान वर्तुळांनी वेढलेले मोठे वाटते, तो भ्रम सगळ्यांच्या परिचयाचा असेल. ज्यांचा व्ही-१ लहान होता त्यांना हा भ्रम अधिक तीव्रतेने झाला. चष्म्याचा क्रमांक, मोतीबिंदू, काचबिंदू या गोष्टी या क्षेत्रफळामुळे होत नाहीत. डोळ्यातली अडचण डोळ्यातच शोधावी लागते.

सांजदिवा

मी या विषयातली नाही, आई म्हणून लिहिते आहे. माझ्या मुलाला जन्मापासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गावी ते कोणाच्या वेळीच लक्षात आले नाही, आणि शस्त्रक्रिया झाली तेव्हा तो सहा वर्षांचा होता. आता नऊ वर्षांचा आहे. चालतो, वस्तू ओळखतो, पण फळ्यावरचे वाचता येत नाही. मध्यंतरी मी कुठेतरी वाचले की जन्मांध व्यक्तींच्या मेंदूतला दृष्टीचा थर जाड असतो. घरी सगळ्यांना आनंद झाला, जाड म्हणजे मजबूत असे आम्ही समजलो. पुढे एका डॉक्टरांनी घाईघाईत सांगितले की तसे नाही, पण का नाही हे सांगितले नाही. इथे क्षेत्रफळ आणि मापे यांविषयी इतके नीट लिहिले आहे, म्हणून विचारते. जाड असणे चांगले की वाईट?

पाणकणीस

सांजदिवा ताई, तुमचा प्रश्न या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि त्याला घाईने उत्तर द्यायला नको होते. मला ठाऊक आहे ते लिहिते.

जाडी आणि क्षेत्रफळ ही दोन स्वतंत्र मापे आहेत. गर्भात बाह्यक तयार होताना पेशींचे उभे स्तंभ शेजारी शेजारी उभे राहतात. किती स्तंभ उभे राहिले त्यावर क्षेत्रफळ ठरते, आणि एकेका स्तंभात काय व किती आहे त्यावर जाडी ठरते. दोहोंवर प्रभाव टाकणारी जनुकेही बरीचशी वेगवेगळी आहेत. म्हणून एक वाढले की दुसरे वाढेलच असे नाही.

व्ही-१ हा मुळातच बाह्यकाच्या सर्वांत पातळ भागांपैकी एक आहे, त्याची जाडी दोन मिलिमीटरांच्या आसपास असते. तरीही माकडांत आणि माणसांत त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरखाली इतर भागांपेक्षा कितीतरी अधिक चेतापेशी दाटीने बसलेल्या असतात. नजरेचे सगळे बारीक काम हा पातळ थर करतो. त्यामुळे जाडीवरून ताकद मोजण्याची आपली सवय इथे सोडून द्यावी लागते.

जन्मांध व्यक्तींत व्ही-१ जाड असतो आणि त्याचे क्षेत्रफळ मात्र कमी असते, असे अनेक अभ्यासांत आढळले आहे. याचे प्रचलित स्पष्टीकरण असे आहे. बाळ सुमारे आठ महिन्यांचे होईपर्यंत या भागात पेशींमधले जोड भराभर वाढतात. नंतर पाहण्याच्या अनुभवानुसार उपयोगाचे जोड टिकतात, बाकीचे गळून जातात, आणि अकराव्या वर्षाच्या सुमारास त्यांची संख्या प्रौढांइतकी होते. भाजीची रोपे विरळणी केल्यावर जोमाने वाढतात तसे हे आहे. डोळ्यांकडून चित्रच आले नाही, तर ही विरळणी अपुरी राहते आणि थर जाड राहतो.

उंबरठा

मॅडमच्या उत्तराला पुरवणी जोडतो, कारण ती ताईंना उपयोगी पडेल. एमआरआयमध्ये जाडी म्हणजे करड्या थराची बाहेरची कड आणि पांढऱ्या भागाची सुरुवात यांमधले अंतर. नेहमीच्या चित्राचा एक ठिपका एक मिलिमीटरचा असतो, म्हणजे व्ही-१ च्या जाडीत दोनच ठिपके मावतात. पांढरेपणा मायेलिन या स्निग्ध आवरणामुळे येतो. वाढत्या वयात करड्या थराच्या तळाशी मायेलिन वाढले की संगणक तो भाग पांढऱ्यात धरतो आणि थर पातळ झाला असे दाखवतो. लहानपणी दृष्टिभाग "पातळ होतो" असे जे मानले जात होते, त्यातला काही वाटा या मायेलिनचा आहे, असे २०१९ मध्ये पुढे आले. मॅडमच्या जेन्नारी रेघेतही मायेलिनच आहे, आणि तीही व्ही-१ ची मोजलेली जाडी कमी दाखवू शकते. म्हणजे "जाड" असा निष्कर्ष आला तर त्यात विरळणी किती आणि मायेलिन किती, हे नुसत्या त्या आकड्यावरून वेगळे करता येत नाही.

जन्मजात मोतीबिंदू काढून दृष्टी मिळालेल्या रुग्णांचा असा अभ्यास आपल्याकडे, हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत, जर्मन संशोधकांच्या सहकार्याने झाला आहे. त्यांत शस्त्रक्रियेनंतरही व्ही-१ ची रचना नेहमीसारखी झालेली आढळली नाही. हे वाचून निराश होऊ नका. दिल्लीत पवन सिन्हा यांनी सुरू केलेल्या 'प्रकाश' प्रकल्पात वयाच्या आठ वर्षांनंतर शस्त्रक्रिया झालेली मुलेही होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांची फिकट-गडद छटा वेगळ्या ओळखण्याची क्षमता शस्त्रक्रियेनंतर वाढत गेली. रचना बदललेली न दिसताही पाहणे सुधारू शकते. तुमच्या मुलासाठी मेंदूच्या जाडीचे माप घेण्याची काही गरज नाही. या छटा ओळखण्याची तपासणी ठरावीक काळाने करून घ्या आणि जुन्या नोंदी जपून ठेवा. अक्षरे मोठी आणि ठळक केली की तो किती वाचतो, हेही दृष्टिसाहाय्य केंद्रात पाहून घेता येते.

सांजदिवा

दोघांचेही मनापासून आभार. छटांच्या तपासणीविषयी आम्हाला आजवर कोणी बोलले नव्हते. पुढच्या महिन्यात तपासणीला जायचे आहे, तेव्हा हे लिहून घेऊन जाईन. काल रात्री पांढऱ्या कागदावर जाड काळ्या पेनाने त्याचे नाव मोठे लिहून भिंतीला लावले. त्याने ते चार पावलांवरून वाचले.

अनामिका

पाणकणीस मॅडम, शवविच्छेदन कक्षात न जाता ती रेघ पाहायची सोय आहे का?

पाणकणीस

आहे. २०१३ मध्ये जर्मनीतल्या युलिश येथील आणि माँट्रियालच्या संशोधकांनी ६५ वर्षांच्या एका स्त्रीच्या मेंदूचे, प्रत्येकी २० मायक्रोमीटर जाडीचे, ७४०४ काप घेऊन त्यांचे त्रिमितीय चित्र सर्वांसाठी खुले केले. त्याला बिगब्रेन म्हणतात आणि ते संगणकावर पाहता येते. मागच्या टोकाकडचे काप उघडा आणि कॅल्केराइन खाच शोधा. एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर फसायला होते: त्या कापांत पेशी रंगवलेल्या आहेत, तंतू रंगवलेले नाहीत. त्यामुळे माझ्या सुरीखाली पांढरी दिसणारी रेघ तिथे दोन गडद थरांमधली फिकट पट्टी म्हणून दिसेल. ती पट्टी धरून खाचेच्या वरच्या काठाने चालत जा. पुढे एका जागी खालचा गडद थर एकाएकी विरळ होतो आणि फिकट पट्टी उरत नाही. तिथे थांबा, तीच सीमा आहे.